दोन हजार एकशे सोळा कपाटं

माझी थोरली बहीण कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप ताईकडे येतं आणि ताईच्या हातातून बाहेर पडतं ते अख्खी बत्तिशी होऊन. मी त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. नंबर लावते, फोन घेते, आणि दर बुधवारी नि शनिवारी ती मापं पिशवीत घालून ताईला नेऊन देते. तेव्हा आता जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. नाकाने हुंगलेलं आहे.

ताईला घाणीचा मनस्वी तिटकारा. लोकांच्या थुंकीने भरलेली मापं हाताळणारी बाई, आणि तिला घाण खपत नाही, याचं लोकांना हसू यायचं. पण तसंच होतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं काम चालायचं. एका टेबलावर मेण, दुसऱ्यावर घासण्या-चकाकवण्याचं मशीन, कोपऱ्यात शेगडी आणि त्यावर मोठं पातेलं. प्लॅस्टरचा धुरळा उडायचाच, पण दिवसातून चार वेळा ती तो ओल्या फडक्याने टिपायची. मी चपला दाराबाहेर काढल्या नाहीत तर आत घ्यायची नाही. सख्ख्या बहिणीला.

कवळी पहिल्यांदा बसवायची असली की डॉक्टर मुद्दाम ताईला बोलावून घेत. त्या वेळचं तिचं भाषण दवाखान्यात सगळ्यांना पाठ होतं. "जेवलात की काढायची. घासायची. झोपताना पाण्यात ठेवायची. कालच्या खरकट्या ताटात आज जेवाल का? नाही ना? मग खरकटी कवळी तोंडात ठेवून कसे हो बसता?" एकदा एक जाडजूड वकील तिच्यासमोर कवळी काढून उभे होते, कवळीला पिवळा थर, आणि ताईने त्यांना भर दवाखान्यात बेसिनपाशी उभं करून ती घासायला लावली होती. वकीलसाहेबांनी कोर्टात कधी मान खाली घातली नसेल, ती तिथे घातली.

हात मात्र असा की विचारू नका. आमच्याकडे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक पेशंट होते. दात गेले तसं वाजवणं गेलं. ताईने त्यांना वाद्य घेऊन समोर बसवलं, ओठ कुठे टेकतो, हवा कुठून निसटते ते बघितलं, आणि तीनदा मोडून चौथ्यांदा अशी कवळी दिली की त्या गृहस्थांनी आमच्या वेटिंग रूममध्येच वाजवायला सुरुवात केली. दाढदुखीने विव्हळणारे पेशंटसुद्धा गप्प बसून ऐकत होते.

ताईने लग्न केलं नाही. का, ते तिलाच ठाऊक. मागच्या दोन खोल्यांमध्ये ती आणि बाबा. बाबा सरकारी खात्यात नकाशे काढायचे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. समजायचं सगळं. डोळे टकटकीत. पण तोंडातून शब्द निघायचा नाही आणि हात उचलायचा नाही. डावा हात होता, तोही थरथरता. त्यांची कवळी अर्थातच ताईने केलेली. डॉक्टर एकदा म्हणाले होते, "आता कशाला कवळी? मऊ खातायत तर राहू दे तशीच काढून." ताई म्हणाली, "माझ्या बापाचं तोंड बसलेलं मला बघवत नाही." आणि ती खरोखरच प्रत्येक जेवणानंतर कवळी काढायची, घासायची, बोटाला ओलं कापड गुंडाळून त्यांच्या हिरड्या पुसायची आणि मग पुन्हा बसवायची. तीन वर्षं.

मी लग्न होऊन दोन स्टॉप पलीकडे राहते. येते-जाते. लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायची, "आम्ही दोघी मिळून बघतो बाबांचं." बघत एकटी तीच होती. मी फक्त येत-जात होते.

आता तो खेळ. तो ताईच्या फोनमध्ये मीच घातला.

कवळीचा गुलाबी मसाला पितळी डब्यात दाबून भरतात आणि तो डबा पाण्यात दीड-दोन तास मंद आचेवर शिजवतात. आच वाढली तर आतला मसाला उकळतो नि त्यात बुडबुडे धरतात. म्हणून त्या वेळात ताई शेगडीपाशी स्टूल टाकून बसायची. पूर्वी रेडिओ ऐकायची. रेडिओ बिघडला, दुरुस्त करणारा सापडेना. एका बुधवारी ती नुसती पातेल्याकडे बघत बसली होती. मला कसंसंच वाटलं. मी म्हटलं, "फोन दे इकडे, तुला गंमत देते."

खेळाचं खरं नाव परकं आणि लांबलचक होतं. आम्ही त्याला कपाट म्हणायचो. पडद्यावर एक विस्कटलेलं कपाट येतं. फळ्यांवर बाटल्या, कप, बूट, बाहुल्या, साबण, काय वाट्टेल ते कोंबलेलं. एकसारख्या तीन वस्तू एका फळीवर आणल्या की खळ्ळ असा आवाज होतो आणि त्या नाहीशा होतात. घड्याळ चालू असतं. वेळेत कपाट रिकामं झालं की जिंकलात, पुढचं कपाट. नाही झालं तर एक जीव गेला. जीव पाच. बस, एवढंच. मी स्वतः दवाखान्यात गर्दी नसताना चार-दोन कपाटं आवरायची नि फोन ठेवून द्यायची.

ताईने दोन मिनिटं बघितलं आणि नाक मुरडलं. "घरात काम कमी पडलं म्हणून परक्यांची कपाटं आवरू होय?"

"अगं खेळ आहे तो."

"भातुकली नुसती! घोड्यासारख्या बायका झालो आपण."

शनिवारी गेले तर दारातच म्हणाली, "बारके, ते अठरावं सुटत नाहीये गं. वरच्या फळीवर मागे एक बूट अडकलाय." मी हसले. खूप हसले. मला बरं वाटलं की हिला काहीतरी विरंगुळा मिळाला.

महिन्याभरात ती तीनशेच्या घरात होती. मग सातशे. मी मापं घेऊन गेले की ती मान वर न करताच म्हणायची, "ठेव टेबलावर." आधी शेगडीपाशीच खेळायची. मग मेण लावताना फोन समोर उभा करून ठेवायला लागली. मग जेवताना. मग संडासात. आत गेली की वीस-वीस मिनिटं बाहेर यायची नाही, आणि दाराबाहेर ऐकू यायचं ते खळ्ळ, खळ्ळ. बाहेर येऊन हात न धुता तोच फोन पुन्हा ओट्यावर. मी बघितलंय. ज्या बाईने माझ्या चपला एकवीस वर्षं दाराबाहेर ठेवल्या, त्या बाईने.

फोनची काच बघवत नव्हती. प्लॅस्टरची पांढरी बोटं, त्यावर मेणाचा तेलकट थर, त्यावर जेवणातलं काहीतरी वाळलेलं. जिथे अंगठा फिरायचा तेवढा एक पट्टा स्वच्छ, चकचकीत, बाजूने मळाचा कठडा. जीव संपले की जाहिरात बघितल्यावर एक जीव फुकट मिळायचा. मी एकदा तिच्या मागे उभी होते. पायाच्या बोटांमधल्या बुरशीच्या मलमाची जाहिरात चालू होती. सोललेली, ओली, पांढुरकी बोटं अख्ख्या पडद्यावर. मी तोंड फिरवलं. ताई टक लावून बघत होती, कारण जाहिरात संपल्याबरोबर कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवायचं होतं. दुसऱ्या हाताने ती पोळीचा घास मोडत होती.

"ताई, किळस कशी येत नाही गं तुला?"

"कशाची?" ती म्हणाली. तिने खरंच पाहिलंच नव्हतं.

घराची दशा सांगायलाच हवी. मोरीत कप साचलेले, आणि त्यातल्या चहाच्या तळाला हिरवट केसाळ बुरशी. वापरून झालेल्या मापांचे लगदे बादलीत तसेच, त्यावर चिलटं. फडकं ओट्यावर वाळून पापडासारखं कडक झालेलं. मी पहिल्यांदा सगळं धुऊन काढलं. दुसऱ्यांदा अर्धं. तिसऱ्यांदा मापांची पिशवी दारातूनच आत सरकवली आणि बस गाठली. आत गेलेच तर बाबांच्या खोलीत डोकावायची, "बाबा, बरे आहात ना?" म्हणायची, ते डोळे मिटून उघडायचे, आणि मी सुटायची. हे मी लपवणार नाही. माझ्याही डोळ्यांवर मी कातडं ओढून घेतलं होतं.

पहिला दणका क्लॅरिनेटवाल्यांच्या नव्या कवळीने दिला. जुनी झिजली म्हणून ताईने दुसरी करून दिली होती. पंधरा दिवसांत ते दवाखान्यात आले. माझ्या टेबलापुढे उभे राहून रुमालात गुंडाळलेली कवळी त्यांनी हळूच उघडली. सभ्य माणूस. आवाज खाली करून म्हणाले, "वास येतो हो. कितीही घासलं तरी. माझी बायको जरा बाजूला तोंड करून बसते."

डॉक्टरांनी कवळी उजेडात धरली. गुलाबी भागावर सुईने टोचल्यासारखी छिद्रं, शेकड्यांनी, आणि प्रत्येक छिद्रात तपकिरी काहीतरी मुरलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आच वाढली होती, आणि शेगडीपाशी बसलेल्या बाईचं लक्ष कुठे होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

ताईला दाखवली तर म्हणाली, "मसाल्याचा लॉट खराब आला असेल."

"ताई, खरं सांग."

"दात-ओठ खाऊन काय बोलतेस? एकतीस वर्षांत एक कवळी बिघडली तर आकाश कोसळलं? बस, बस, हे एवढं होऊ दे, नऊ सेकंद राहिलेत."

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की मसाल्याचा लॉट खराब होता. आपलेच दात नि आपलेच ओठ. कोणाला सांगणार?

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, दवाखाना दुपारी अचानक बंद ठेवावा लागला. पाण्याची टाकी फुटली होती. मी न कळवता ताईकडे गेले. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. मशीन नुसतंच गरगरत होतं. ते बंद केलं आणि आत गेले.

खोलीच्या दारातच वास आला. मी दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं काढली आहेत. सडलेल्या दाढेचा, पू धरलेल्या हिरडीचा, सगळे वास ओळखते. पण हा वास माझ्या वडिलांच्या खोलीत होता. फुलदाणीत आठ दिवस राहिलेल्या पाण्यासारखा, आणि त्याखाली गोडसर, कुजकट असं काहीतरी.

बाबा उशीला टेकून बसवलेले. छातीवर टॉवेल. ताई त्यांच्या शेजारी स्टुलावर. डाव्या हातात चमचा, चमच्यात दुधात कुस्करलेली पोळी. उजव्या हातात फोन. चमचा बाबांच्या ओठांच्या वीतभर अलीकडे हवेत थांबलेला, आणि त्यातून दूध थेंब थेंब टॉवेलवर गळतंय. बाबा चमच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. तोंड घट्ट मिटलेलं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून पिवळसर लाळ हनुवटीवर येऊन वाळलेली.

"ताई, बाबांच्या तोंडाला वास येतोय."

"जेवतायत ना. जेवण झालं की पुसते."

"हा जेवणाचा वास नाही. कवळी कधी काढली होतीस?"

"काढते की."

"कधी?"

तिचा अंगठा फिरत होता. मी चमचा तिच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "पाणी आण भांड्यात. आणि कापड."

"हो, हो," ती म्हणाली. "पंधरा सेकंद फक्त."

ते पंधरा सेकंद मी मोजले नाहीत. बाबांच्या हनुवटीला हात लावला तेव्हा ते आतून कण्हले. "बाबा, उघडा. मी आहे." त्यांनी उघडलं. मी बोट घालून वरची कवळी सैल करायला गेले. ती निघेना. टाळूला जणू चिकटली होती. जरा जोर लावला तेव्हा चिकट, ओला आवाज होऊन ती सुटली, आणि खोलीभर भपकारा पसरला. कवळीच्या आतल्या बाजूला करड्या-पांढऱ्या सायीचा जाड थर होता, त्यात कधीचे कोण जाणे अन्नाचे कण, काही काळे पडलेले. टाळू लालभडक, कच्च्या मांसासारखी, आणि त्यावर नासलेल्या दुधासारखे पांढरे चट्टे. उजव्या बाजूला, जिथे त्यांना काही जाणवतही नव्हतं, तिथे कवळीची कड हिरडीत रुतून जखम झालेली, आणि जखमेत पू.

मागून खळ्ळ असा आवाज आला. मग विजयाची ती टुकार पिपाणी वाजली. कपाट रिकामं झालं होतं.

ताई उठून आली. माझ्या हातातली कवळी तिने बघितली, मग बाबांचं उघडं तोंड बघितलं. तिचा चेहरा प्लॅस्टरसारखा झाला. तिने कवळी माझ्याकडून घेतली, नाकाजवळ नेली आणि हुंगली. का, मला कळलं नाही. कदाचित विश्वास बसत नसेल. मग ती कवळी घेऊन मोरीकडे गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.

मी बाबांचं तोंड पुसत बसले. कापडाची एक एक घडी भरत होती. ते डाव्या हाताने माझं मनगट धरून होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, दुखल्यामुळे की कशामुळे, सांगता येणार नाही. मी डॉक्टरांना फोन केला. अर्ध्या तासात येतो म्हणाले. वीस-एक मिनिटं झाली असतील. नळ चालूच होता. एवढा वेळ काय धुतेय, रडत असेल, असं वाटून मी मोरीकडे गेले. तिच्या पाठीवर हात ठेवायचा असं मनात घेऊन गेले होते.

ताई नळापाशी उभी होती. डाव्या हातात नळाखाली धरलेली बाबांची कवळी, पाणी तिच्यावरून नुसतं वाहून जात होतं, साय तशीच होती. उजव्या हातात फोन. अंगठा फिरत होता.

आयुष्यात मला कोणाची इतकी शिसारी आलेली नाही. आपल्याच रक्ताची. मी ओरडलेसुद्धा नाही. म्हटलं, "ताई, तू घाण आहेस. ही कवळी नाही घाण, तू आहेस."

तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, गालावर ओघळ होते, म्हणजे ती रडतही होती. रडता रडता खेळत होती. म्हणाली, "मला कळतंय गं. हात थांबत नाहीये." आणि ती मोरीतच वाकून ओकली, कपांवर, फोन उंच धरून. भिजू नये म्हणून.

डॉक्टर आले. बाबांचं तोंड बॅटरीने बघितलं. औषध लिहून दिलं, बुरशीचं आणि जखमेचं. मग ताईकडे न बघता विचारलं, "किती दिवस काढली नव्हती?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. मग म्हणाली, "नऊ. अकरा असतील."

"तुमच्याकडून, ताई?" एवढंच म्हणाले. चहा विचारला तर नको म्हणाले. त्या घरातलं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही, आणि त्यांना बोल लावायला मला तोंड नव्हतं.

ते गेल्यावर ताईने फोन माझ्या पिशवीत टाकला. "घेऊन जा. मी मागितला तरी देऊ नकोस."

बसमध्ये पिशवीतून तो टिणटिणला. बाहेर काढला. पडद्यावर अक्षरं: तुमचं कपाट तुमची वाट बघतंय. शेजारी डोळे मिचकावणारं कपाटाचं तोंड. मला वाटलं खिडकीतून फेकून द्यावा. मग खेळ उघडला, पुसून टाकायच्या आधी एकदा बघावं म्हणून. एका कोपऱ्यात हिशेब होता. आवरलेली कपाटं, दोन हजार एकशे सोळा. खेळण्यात घालवलेला वेळ, नऊशे बारा तास. आठ महिने. म्हणजे एकेक कपाट दहा-दहा वेळा हरून, बुरशीची जाहिरात बघून, पुन्हा हरून. मी तो काढून टाकला. माझ्या फोनमधलाही काढला. माझ्या फोनमध्ये आकडा चौऱ्याण्णव होता, आणि त्याचा मला मुळीच अभिमान वाटला नाही. मला घरी गेल्यावर बोलायला माणसं होती. तिच्या घरी जे माणूस होतं ते बोलू शकत नव्हतं आणि बरं होणार नव्हतं. तिच्याकडे संपणारी अशी एकच गोष्ट होती, कपाट. हे मला कळलं, पण त्यामुळे तो वास काही कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दीड महिना रजा टाकून तिथे राहिले. पहिला आठवडा ताई भिंतीकडे तोंड करून बसायची आणि तिचा अंगठा मांडीवर आपला आपण सरकायचा, वर, खाली, बाजूला. बाजारात पाठवलं तर दुकानाच्या फळ्यांसमोर उभी राहायची. सांगायची, "तीन तीन दिसतात गं. सगळीकडे तीन तीन दिसतात. ओकारी येते." घर मात्र तिने धुतलं. मोरीतले कप फेकून दिले, फडकी जाळली, बादली घासताना ती नाकाला रुमाल बांधायची नाही. मी म्हटलं बांध, तर म्हणाली, "नको. येऊ दे वास."

क्लॅरिनेटवाल्यांची कवळी तिने पुन्हा केली, सगळं मन लावून, आणि स्वतः नेऊन द्यायचं ठरवलं. मीही गेले. त्यांनी आम्हाला बसवलं. ताईने डबी पुढे केली आणि सांगून टाकलं, "आधीची बिघडली ती मसाल्यामुळे नाही. मी फोनवर खेळत बसले होते. आच वाढली ते कळलं नाही."

त्यांनी नवी कवळी हातात घेतली. फिरवून बघितली. निर्दोष होती. मग डबीत ठेवली आणि डबी परत ताईकडे सरकवली.

"मी दुसरीकडे करायला टाकली आहे," ते म्हणाले. "तुमचा हात चांगला आहे, बाई. पण ही वस्तू माझ्या तोंडात जायची होती. आता तुमचं काही तोंडात घालवत नाही मला."

ताई म्हणाली, "बरोबर आहे."

मला वाटलं होतं, खरं बोललं की माणूस माफ करतो. तसं काही नसतं. डॉक्टरांनीही अर्धं काम दुसरीकडे द्यायला सुरुवात केली, आजही अर्धंच देतात. दिव्याखाली अंधार, असं दवाखान्यात कोणीतरी मागून बोललं, तेही मी ऐकलं.

पुढे, कामासाठी फोन परत दिल्यावर, एकदा तिने तो खेळ परत घेतला होता. चार दिवस. मला पत्ताही लागला नसता, तिनेच येऊन सांगितलं, आणि माझ्यासमोर काढून टाकला. पुन्हा घेणार नाही असं वचन दिलं नाही. मीही मागितलं नाही.

पण खरी शिक्षा तिला बाबांनी दिली. तोंड तीन आठवड्यांत बरं झालं. कवळी आम्ही पुन्हा घातलीच नाही. तोंड बसलं, गाल आत गेले, पातळच खायला लागले. दिवसातून तीनदा हिरड्या पुसायच्या होत्या. मी गेले की ते आ करायचे. ताई आली, बोटाला ओलं कापड गुंडाळून समोर बसली, की ओठ गच्च मिटायचे आणि मान भिंतीकडे. बोलता येत नव्हतं, हात धड उचलला जात नव्हता, नाही म्हणायला एवढीच एक जागा त्यांच्याकडे होती. ताई पाच मिनिटं थांबायची, "बाबा," म्हणायची, मग उठून मला हाक मारायची.

माझी रजा संपत आली. मी जाणार हे त्यांनाही कळत होतं. शेवटच्या सोमवारी सकाळी मी मुद्दामच मोरीत कपडे धूत बसले. ताई आत गेली. मग ताईचं दबलेलं कण्हणं ऐकू आलं आणि मी ओल्या हातांनी धावले.

बाबांनी तोंड उघडलं होतं. ताईचं बोट आत होतं आणि त्यांनी ते चावलं होतं. दात नसलेल्या, नुकत्याच बऱ्या झालेल्या हिरड्यांनी, अंगातल्या उरल्यासुरल्या सगळ्या जोराने. डोळे वटारलेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, लाळ ताईच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती. दृश्य काही सुंदर नव्हतं. मी म्हटलं, "ताई, काढ बोट."

तिने काढलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांची हनुवटी पुसली आणि म्हणाली, "चावा, बाबा. अजून चावा."

ते चावत राहिले. मग दमले. जबडा सैल पडला. ताईने बोट तसंच आत ठेवून आधी वरची हिरडी पुसली, मग खालची, मग जीभ. कापडाची घडी बदलली आणि पुन्हा पुसलं.